यतीनरावांचा काढा

यतीन पोतनीस हा समोसे विकत आणणारा माणूस होता. ऐकायला यात काही नाही, पण दर वर्षी चार जुलैच्या संध्याकाळी डेलच्या अंगणात समोशांचा फॉइलचा ट्रे हातात धरून उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

डेल हा यतीनचा, अमेरिकेतल्या चँडलर गावातला, डावीकडचा शेजारी. एसी दुरुस्त करायचा त्याचा धंदा, आणि ॲरिझोनात एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्याकडच्या गावातल्या वैद्याचा मान असतो. जूनमध्ये तर लोक त्याच्याशी घरच्या देवापेक्षा नम्रपणे बोलतात. या डेलकडे चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सगळ्या गल्लीचं जेवण असायचं आणि त्याचा एकच नियम होता, की येताना आपल्या हातानं केलेलं काहीतरी आणायचं. डेल स्वतः घरी बिअर करायचा. कोपऱ्यावरची बाई मिरच्यांचं लोणचं घालायची. समोरच्या घरातला दंतवैद्य तर चक्क सुऱ्या घडवायचा. आणि मग कुणीतरी समोसा तोंडात टाकून, डोळे मिटून, यतीनला विचारायचं, हे तू केलेस? यतीन म्हणायचा, नाही, विकत आणले. त्यावर समोरचा माणूस 'ओह' म्हणायचा. त्या 'ओह'मध्ये दया होती, आणि दया पोतनिसांच्या घराण्यात कुणी कधी सहन केलेली नाही.

बरं, यतीनला काही करता येत नव्हतं अशातला भाग नाही. चिप बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तो प्रोसेस इंजिनियर होता. पण त्यानं केलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हीच तर सगळी पंचाईत. दिवसभर पांढरा झगा, टोपी, मुसकं बांधून तो जे काही करायचा, ते शेवटी कुणाच्या तरी फोनमध्ये जाऊन बसायचं आणि त्या फोनवरून तो माणूस पिझ्झा मागवायचा. हे बघा, हे मी केलं, असं म्हणून समोर ठेवावं असं यतीनकडे काहीही नव्हतं. पुण्याला असताना हे खुपलं नसतं, तिथे कुणीच काही करत नाही, सगळे मत देतात. पण इथे बाजूला डेल राहत होता.

तर दोन हजार चार साली यतीननं ठरवलं, की यंदाच्या चार जुलैला आपण आपल्या हातानं केलेली बिअर घेऊन जायची. काचेच्या बाटलीत, वर बूच ठोकून, बाहेर आपलं लेबल लावून.

डेलला एवढा आनंद झाला की त्यानं आपली जुनी बादली, नळी आणि बूच बसवायचं यंत्र यतीनच्या हवाली केलं. बिअर करणं तसं सोपं असतं असं डेलचं मत. जवाचा अर्क पाण्यात उकळायचा, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालायची, गार करून यीस्ट घालायचं आणि बादलीचं झाकण लावून गप्प बसायचं. आंबून झालं की बाटल्या भरताना मोजून थोडीशी साखर घालायची. बाटलीतलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस सोडतं, तोच आपला फेस. फक्त साखर मोजून घाल, असं डेलनं तीन वेळा सांगितलं. यतीनला जरा रागच आला. ज्या माणसाचं पोट केसाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबावर चालतं, त्याला हा एसीवाला मोजायला शिकवणार.

अडचण साखरेची नव्हती. अडचण गेस्टरूममध्ये होती.

गेस्टरूममध्ये एप्रिलपासून यतीनचे सासूसासरे राहायला आले होते. सासूबाई शोभाताई या अत्यंत प्रेमळ. सासरे गुरुनाथ वैशंपायन हेही प्रेमळ असावेत, पण ते तसं दाखवत नसत, कारण त्यांची उभी हयात दारूबंदीच्या खात्यात गेली होती. इन्स्पेक्टर वैशंपायन. सोलापूरपासून रत्नागिरीपर्यंत त्यांनी इतक्या हातभट्ट्या फोडल्या होत्या, की काही गावांत म्हणे अजून लोक त्यांच्या नावानं पेला खाली ठेवतात. लग्नाच्या बैठकीत त्यांनी यतीनला पगार विचारला नव्हता, पत्रिका विचारली नव्हती. तोंडाजवळ नाक आणून फक्त 'नाव काय आपलं?' एवढं विचारलं होतं.

अशा माणसाच्या नाकाखाली बिअर करायची म्हणजे पोलीस चौकीत जुगाराचा अड्डा टाकण्यासारखं होतं. यतीनची बायको हिमानी म्हणाली, ऑक्टोबरमध्ये ते गेले की कर ना. यतीन म्हणाला, चार जुलै ऑक्टोबरमध्ये येत नाही. मग तिनं मान डोलावली. शिवाय तिलाही त्या 'ओह'चा कंटाळा आला होता, समोसे आणायला तीच जायची.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सासूसासरे देवळात गेलेले बघून यतीननं शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. तिकडे देवळातला एसी बंद पडला होता. त्यामुळे आरतीआधीच मंडळी घरी परत आली आणि दारातच बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, नाक वर झालं.

"यतीनराव, काय शिजतंय?"

यतीनच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. तो 'ते' म्हणाला, मग 'हे' म्हणाला. तेवढ्यात हिमानी पुढे झाली आणि जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाच्या सहजतेनं म्हणाली, "काढा आहे बाबा. यतीनच्या पित्तासाठी. इथल्या एका वैद्यांनी दिलाय."

बाबांनी पातेल्यात एकदा पाहिलं, यतीनकडे एकदा पाहिलं, आणि 'बरं' म्हणून ते बूट काढायला गेले.

त्या दिवसापासून यतीनला पित्त झालं. म्हणजे व्हावंच लागलं. शोभाताईंनी त्याच्या ताटातलं तिखट बंद केलं, चहा बंद केला, आणि आपल्या बॅगेतून आणलेलं मेतकूट काढून त्याला दोन्ही वेळा मऊ भात सुरू केला. बाकीच्या मंडळींच्या पानात रस्सा आणि याच्या पानात तुपाची धार. एकदा त्यानं लोणच्याकडे नुसतं पाहिलं, तर शोभाताईंनी बरणी उचलून फ्रिजच्या वर ठेवली. बिअरसाठी माणसानं काय काय सोसावं याचा इतिहास कुणी लिहिला, तर त्यात मऊ भाताचं एक प्रकरण नक्की यावं.

बादली यतीननं आपल्या बेडरूमच्या बाथटबमध्ये, थंड पाण्यात ठेवली होती. यीस्ट कामाला लागलं आणि झाकणावरच्या नळीतून बुडबुड आवाज येऊ लागला. बाबा जाता येता त्या दाराशी क्षणभर थांबत. काही विचारत नसत. यतीननं त्याचा अर्थ असा लावला, की बाबांना तो आवाज प्लंबिंगचा वाटतो. माणूस सोयीचा अर्थ किती पटकन लावतो बघा.

आता बाटल्या. पीळ देऊन उघडणाऱ्या बाटल्या चालत नाहीत, बूच ठोकता येईल अशाच लागतात, आणि त्या दुकानात नव्या विकत घेणं यतीनला पटेना. भरलेल्या बाटल्या विकत घेऊन रिकाम्या कराव्यात तर घरात धाड पडायची. म्हणून त्यानं रिकाम्या बाटल्या गोळा करायला सुरुवात केली. ऑफिसातल्या लोकांकडून, डेलकडून, आणि चक्क सकाळी फिरायला गेल्यावर लोकांच्या रिसायकलिंगच्या डब्यांतून. आयआयटीचा माणूस, पण झाकण उचलून आत वाकून बघताना त्याच्या तोंडून एकदा 'रद्दीऽऽ' निघता निघता राहिलं.

दोन गल्ल्या सोडून राहणारा गिरीश यतीनच्याच कारखान्यात होता. नागपूरचा. त्यानं जन्मात काही केलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे सल्ले भरपूर होते. बाटल्या ओव्हनमध्ये भाजून घे, असं एकदा म्हणाला. मग म्हणाला, प्लास्टिकच्या घे. मग म्हणाला, "यार, तू बॉटलच्या भानगडीत पडू नको. सरळ बादलीतून वाढ ना, जिलबीसारखी." असले सल्ले देऊन तो घरी जायचा आणि बायकोला सगळं अर्धं सांगायचा. त्याची बायको सुहासिनी तिथल्या महाराष्ट्र मंडळाची खजिनदार. तिनं एके दिवशी हिमानीला फोन करून, आवाज एकदम मऊ करून विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना, आणि यतीनबद्दल कधी बोलावंसं वाटलं तर संकोच करू नकोस. महिन्याकाठी अर्धा पेला घेणारा माणूस मंडळात दारुडा म्हणून नावाजला. गणपतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन त्याच्याकडे असायचं, ते त्या वर्षी गुपचूप दुसऱ्याकडे गेलं.

त्यातच वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. घराच्या बाजूला रिकाम्या मद्याच्या बाटल्यांचा साठा रस्त्यावरून दिसतो, हे सौंदर्याच्या नियमाविरुद्ध आहे, तरी तो हलवावा. यतीननं बाटल्या गॅरेजमध्ये हलवल्या. मग दुसरं पत्र आलं, की गॅरेजचं दार दिवसा उघडं असतं. त्यानं ते बंद केलं. मग त्यानं लेबलं भिजवण्यासाठी बाटल्या मागच्या अंगणात टबात घातल्या, तर तिसरं पत्र आलं. टबाचा रंग मान्यताप्राप्त नव्हता म्हणे.

शेवटी बाटल्या घरातच आल्या आणि शोभाताईंना दिसल्या. यतीन त्यांच्यावर चादर ओढायला धावला. पण शोभाताई म्हणाल्या, अगंबाई, काढा भरायला का? छान आहेत की. आमच्याकडे कोकमाचं आगळ येतं ते असल्याच बाटल्यांतून येतं. आणि पदर खोचून त्यांनी सगळी लेबलं खरवडून, बाटल्या घासून, उन्हात पालथ्या घालून दिल्या. बाबा खिडकीतून ते बघत होते. बाटल्यांकडे आणि आपल्या बायकोकडे. 

जूनच्या मध्यावर बाटल्या भरायचा दिवस उजाडला. बाबा आणि शोभाताई दुपारचे झोपलेले, हिमानी ऑफिसात. यतीननं मोजून साखर घेतली. डेलच्या आकड्यावर विसंबायचं नाही म्हणून त्यानं तापमान, आकारमान सगळं लक्षात घेऊन स्वतः गणित केलं होतं. साखरेचा पाक करून तो ओट्यावरच्या दुसऱ्या बादलीत घातला, वर नळीनं बिअर सोडली, वरून स्वच्छ कापड टाकलं, आणि बाटल्या आणायला तो गॅरेजकडे वळला. तेवढ्यात पेजर वाजला. कारखान्यातलं कुठलंसं यंत्र अडलं होतं. यतीन गॅरेजमध्ये उभा राहून फोनवरून त्या यंत्राची समजूत घालत बसला.

इकडे शोभाताई पाणी प्यायला उठल्या. ओट्यावर काढ्याची बादली. त्यांनी कापड उचललं, चमच्याच्या टोकानं जरासा चाखला, आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. इतका कडू! आणि हे बिचारं लेकरू तक्रार न करता पिणार. आता पुण्याच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या बाईसमोर कडू, आंबट, तुरट असं काहीही आलं की तिचा हात कुठे जातो हे सांगायला नको. आमटीत, भाजीत, ताकातल्या पालकात जो जातो, तो गुळाचा खडा. कोल्हापुरी गूळ त्यांनी देशी दुकानातून आठवड्यापूर्वीच आणला होता. बादली मोठी, म्हणून खडाही मोठा घेतला. तो गरम पाण्यात विरघळवला, बादलीत ओतला, देवाचं नाव घेऊन ढवळला, आणि कापड होतं तसं टाकून त्या परत जाऊन आडव्या झाल्या. सांगायचं काय त्यात? आमटीत गूळ घातला हे कुणी कुणाला सांगतं का?

यतीन आला. त्यानं बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. शेवटची बाटली बंद झाली तेव्हा तो जरा लांब जाऊन उभा राहिला आणि नुसता बघत बसला. हे मी केलं. दिसतंय. हातात धरता येतंय. त्याला भरून आलं, आणि खोटं कशाला सांगा, त्यानं एका बाटलीवरून हातही फिरवला. लेबल त्यानं रात्री जागून नव्हे, ऑफिसच्या प्रिंटरवर दिवसाढवळ्या छापलं होतं. 'पोतनीस' एवढंच, ठसठशीत अक्षरांत.

बाटल्या ठेवायच्या थंड, अंधाऱ्या जागी. अशी जागा म्हणजे गेस्टरूमचं कपाट. त्यात सासूसासऱ्यांच्या बॅगा होत्या. उरलं गॅरेज. ॲरिझोनातल्या जूनमधलं गॅरेज म्हणजे भाजणी न परतता भाजून निघेल असली जागा. पण यतीननं विचार केला, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

यीस्टनं काही विचार केला नाही. त्याला मोजलेली साखर मिळाली होती, वर न मोजलेला गूळ, आणि जोडीला अशी ऊब. ते जेवायलाच बसलं.

जूनअखेरच्या एका भर दुपारी घरात सगळे वामकुक्षी करत असताना गॅरेजमधून 'ठो' असा आवाज झाला. मग दुसरा. मग एकदम ठोठोठो. यतीन उठून धावला आणि गॅरेजचं आतलं दार किलकिलं करतो तोच दारावर काच थडकली. फटीतून फेस आणि काचेचा चुरा त्याच्या अंगावर आला. पुन्हा ठो. मागून हिमानी आली, तिच्या मागून शोभाताई रामरक्षा म्हणत आल्या. बाबा शर्ट घालून, बटणं लावून, मग आले.

त्या काळी ॲरिझोनात घरी फटाके उडवायला बंदी होती आणि बंदुका ठेवायला नव्हती, त्यामुळे शेजारच्या एका बाईनं जे करायचं तेच केलं, गोळीबार समजून पोलिसांना फोन केला. पोलिसाची गाडी दिवे लावून दारात येऊन उभी राहिली. तरुण ऑफिसर उतरला, त्याचा हात कमरेशी होता. त्यानं सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. यतीन तळहात समोर धरून बाहेर आला. अंगावर बनियन, त्यावर फेस, दाढीत काचेचा चुरा. तीन वर्षं अडकलेला ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच्या डोळ्यांसमोरून उडत उडत मुंबईच्या दिशेनं गेला.

ऑफिसरनं विचारलं, आत काय आहे?

प्रश्न साधा होता, पण उत्तर दोन कायद्यांना द्यायचं होतं. उजवीकडे अमेरिकेचा कायदा उभा होता आणि डावीकडे महाराष्ट्राचा. काढा म्हणावं तर पोलिसाशी खोटं बोलल्याचा गुन्हा, बिअर म्हणावं तर जावयाची अब्रू गेली. हिमानीनं तोंड उघडलं. तिच्या तोंडावर 'काढा' असं स्पष्ट दिसत होतं. आणि त्या क्षणी गॅरेजमध्ये आणखी एक बाटली फुटली.

तो आवाज यतीनच्या काळजात गेला. ती त्यानं केलेली होती. त्याच्या हातची. आणि आपण तिला पित्ताचं औषध म्हणणार?

"बिअर," तो ऑफिसरला म्हणाला. "आय मेड इट." मग तो डावीकडे वळला. "बाबा, काढा नाही तो. बिअर आहे. मी केली. आणि चांगली झाली होती हो."

एवढं बोलून त्यानं मनगटानं डोळे पुसले. ऑफिसर घाबरला, त्याला वाटलं कुणी जखमी आहे. तसं कुणी नाही कळल्यावर त्यानं दारातून आत डोकावून पाहिलं, नाक वर केलं आणि तो हसायला लागला. त्याचा मेहुणाही घरी बिअर करायचा. त्याच्याही एकदा फुटल्या होत्या, साखर जास्त झाली की फुटतात. विकत नाहीस ना, मग ठीक आहे, फक्त आत जाताना डोळ्यांना चष्मा लाव.

आता बाबा पुढे आले. त्यांनी पायांतल्या चपला जुळवल्या आणि आपण रिटायर्ड एक्साइज इन्स्पेक्टर असल्याचं सांगितलं. ऑफिसरनं हात पुढे केला. बाबांनी विचारलं, परमिट? ऑफिसर म्हणाला, घरच्यापुरती असेल तर लागत नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, बाँड? इन्स्पेक्शन? सील? ऑफिसरनं तीनदा मान हलवली. एवढा मोठा देश, चंद्रावर माणूस पाठवला, आणि दारू गाळायला साधा एक शिक्का नाही, याचं बाबांना मनापासून वाईट वाटलं. ते त्यांनी ऑफिसरला सांगितलंही. त्यानं 'सर' म्हणून ऐकून घेतलं आणि तो गाडीत बसून निघून गेला.

 यतीन मान खाली घालून उभा होता.

"यतीनराव," बाबा म्हणाले, "पहिल्या दिवशी पातेल्यात बघितलं तेव्हाच कळलं होतं मला. अहो, तीस वर्षं तेच हुंगलंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" हिमानीनं विचारलं.

"भट्टी चालू असताना धाड घालायची नसते गं. माल तयार झाल्यावर घालायची. मी चार तारखेची वाट बघत होतो." त्यांनी गॅरेजकडे हात केला. "आणि म्हटलं, बघू तरी, साधतंय का यांना. आंबवणी चांगली चालली होती. आवाज एकसारखा येत होता. आमच्याकडे इतकं स्वच्छ काम कुणी करत नसे."

यतीननं वर पाहिलं. स्वच्छ काम. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि बाबांच्या तोंडून त्याच्याविषयी निघालेला हा पहिला चांगला शब्द. तोही फुटक्या काचांच्या साक्षीनं. "पण बाबा, साखर मी बरोबर मोजली होती," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "गणित तीनदा तपासलं होतं. चूक झाली कुठे तेच कळत नाही."

मागे शोभाताई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मग मी गूळ कशात घातला?"

सगळे वळले. शोभाताईंनी सगळं सांगितलं. कडू होतं, म्हणून. चवीपुरता. चवीपुरता म्हणजे किती, असं यतीननं विचारल्यावर त्यांनी मूठ दाखवली. त्यावर क्षणभर त्याच्या डोक्यात तिडीक गेली, नाही असं नाही. पण समोर शोभाताईंचा चेहरा रडवेला झालेला, आणि गेला महिनाभर याच माणसानं आपल्या खोट्या पित्तासाठी खरा मऊ भात शिजवला, हे त्याला आठवलं. तो हसायला लागला. मग हिमानी हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी बायकोकडे निराळ्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तू चाखलीस?"

"मी चाखला तो काढाच होता," शोभाताई म्हणाल्या. या मुद्द्यावर त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

तेवढ्यात आवाज ऐकून डेल आला. वेल्डिंगचा मुखवटा, कोपरापर्यंत हातमोजे, हातात बर्फाची पेटी. एखाद्या शल्यविशारदाच्या गांभीर्यानं तो गॅरेजमध्ये शिरला. उरलेल्या बाटल्या बर्फात बसवून गार करायच्या, मग एकेक बूच किंचित उचकटून गॅस सोडायचा आणि पुन्हा ठोकायचं, असं त्याचं म्हणणं. यतीननं शोभाताईंचा गॉगल लावला आणि तो डेलच्या शेजारी बसला. बाबांनी दारात खुर्ची टाकली आणि ते देखरेख करू लागले. फुटलेल्या किती, शिल्लक किती, कुठली कुठे पडली, कशालाही हात लावायच्या आधी सांगा. डेलला वाटलं ही भारतीय पद्धत असेल. तो प्रत्येक बाटली उचलताना बाबांची परवानगी घेऊ लागला.

निम्म्याहून अधिक बाटल्या गेल्या होत्या. वाचल्या त्यांतली एक डेलनं उघडली. फेसाचं कारंजं छतापर्यंत गेलं, पण खाली थोडी राहिली. डेलनं चव घेतली. पुन्हा घेतली. मग त्यानं विचारलं, मागून हे जे काहीतरी येतं आहे, भाजल्यासारखं, गोडसर, ते काय आहे? असं त्यानं कधी चाखलं नव्हतं. यतीननं शोभाताईंकडे बोट दाखवलं. डेलनं मुखवटा वर करून त्यांना मॅम म्हणून कृती विचारली. शोभाताई म्हणाल्या, अंदाजानं घालायचं. हिमानीनं ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"नमुना," बाबा म्हणाले.

हिमानीनं घरातून फुलपात्र आणलं. बाबांनी आयुष्यभर हजारो बाटल्या गटारात ओतल्या, नमुने सीलबंद करून पुण्याला लॅबमध्ये पाठवले, आणि रिपोर्टची वाट बघत केसेस थंड होऊ दिल्या. चाखली एकदाही नव्हती. त्यांनी फुलपात्र उजेडात धरलं, हुंगलं, आणि एक घोट घेतला. शोभाताईंनी तोंड भिंतीकडे केलं. यतीनला चिपच्या कुठल्याही तपासणीत एवढी धडधड झाली नव्हती.

"आणा आणखी थोडी," बाबा म्हणाले. "एका नमुन्यावर मत देता येत नाही."

चार जुलैला डेलच्या अंगणात लोणच्याच्या आणि सुऱ्यांच्या मधोमध, बर्फात रोवलेल्या पोतनिसांच्या बाटल्या होत्या. थोड्याच होत्या, त्यामुळे त्यांच्याभोवती गर्दी जास्त होती. गिरीश आणि सुहासिनी मुद्दाम आले होते. आपल्या सल्ल्यानं सगळं झालं, असं गिरीश दोघातिघांना सांगत होता. शोभाताई एका खुर्चीवर बसून कोपऱ्यावरच्या बाईला गूळ म्हणजे काय ते मराठीत समजावत होत्या आणि ती मान डोलावत होती. सुऱ्यावाल्या दंतवैद्यानं पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, पुन्हा एक घोट घेतला आणि मोठ्यानं विचारलं, ही कुणी केली?

यतीननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याच्या आधी खांद्यावर एक हात पडला. तो हात बाबांचा होता, आणि धाड घालताना जसा पडत असेल तसाच घट्ट पडला.

"धिस इज द मेन अक्यूज्ड," इन्स्पेक्टर वैशंपायन सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले. "माय सन-इन-लॉ. कॉट विथ द गुड्स. व्हेरी गुड गुड्स."

सगळं अंगण टाळ्या वाजवू लागलं. बाबांच्या सबंध नोकरीत इतक्या ताठ मानेनं उभा राहिलेला आरोपी त्यांनी कधी पाहिला नसेल.